कार्डावर एकच रेघ

माझी बायको हिराबाई तापाने मेली आणि तिच्या दहाव्याच्या दिवशी तोच ताप मला नदीवर आडवा करून गेला. दोघांच्याही रक्ताची कार्डावर तपासणी झाली. दोन रेघा आल्या तर मलेरिया, एकच आली तर मलेरिया नाही. आम्हाला दोघांनाही एकच रेघ आली. ती गेली, मी राहिलो. हे उलटं व्हायला पाहिजे होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

मी चौथी शिकलेला. सगळं आयुष्य भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरवर गेलं. लालबुंद लोखंड डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचं, वरून हॅमर सोडायचा, की डायच्या आकाराचा जॉब तयार. कान तिथंच गेले. रिटायर झाल्यावर चाकणजवळ आमच्या गावात घरामागे पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि कंपन्यांतली माणसं भाडेकरू ठेवली. हिरा त्यांचे डबे करायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाना, हे लिहून काढा. लोकांच्या उपयोगी पडेल."

म्हटलं, "मला गोड लिहिता येत न्हाई."

"गोड कोण मागतंय?"

म्हणून बसलो. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने नीट केलं आहे. बाकी सगळं माझं.

बोट

दसऱ्याच्या सुमाराला हिराला ताप भरला. आधी हुडहुडी, मग भट्टीसारखं अंग, मग घामाने लुगडं पिळून काढावं अशी गत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बोटातून रक्त घेऊन कार्डावर टाकलं आणि आम्हाला दाखवलं. एकच रेघ. म्हणाले, "मलेरिया नाही. डेंगीची साथ आहे, ते बघू." डेंगी पण निघाला नाही. व्हायरल असेल म्हणून गोळ्या दिल्या. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी जे कार्ड सांगितलं ते आम्हाला सांगितलं.

ताप उतरला की बाई उठायची आणि भाकरी थापायला बसायची. शेवटच्या सकाळी पण बसली. डोळे पिवळे, ओठ फुटलेले.

"अगं, पड की जरा."

"पडले तर डबे कोण भरंल? तुमी?"

"बाहेरून आणतील पोरं."

"बाहेरचं खाऊन मरायची एखाद्या दिवशी." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. मग चुलीवरचं भांडं उतरवलं, मागच्या शेवटच्या खोलीकडे हात केला आणि म्हणाली, "देवाजीलाबी ताप हाय. त्याला ही पेज द्या नेऊन. विसराल, तुमाला म्हातारपण आलंय."

"देतो," म्हटलं.

ती परात विसळायला मागच्या मोरीवर गेली. परात आपटल्याचा आवाज मला ऐकू आला, म्हणजे केवढा मोठा असेल बघा. जाऊन पाहतो तर ती धुण्याच्या दगडाशेजारी पडलेली, हातपाय झाडतेय, टाचा फरशीवर आपटून सोललेल्या, तोंडाला फेस, आणि जीभ दातांत. जीभ तुटेल म्हणून मी तिच्या तोंडात बोट घातलं.

हे कधी करू नका. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की झटका आला तर माणसाला कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तिनं माझ्या डाव्या हाताचं बोट हाडापर्यंत चावलं. संतोष, आमचा मुलगा, पळत आला. त्यानं चमच्याच्या दांडीनं तिचा जबडा उघडला तेव्हा माझं बोट सुटलं. तिच्या तोंडात तिचं रक्त होतं आणि माझं पण. कुठलं कुणाचं, काही कळत नव्हतं.

जन्मभर माझ्यावर आवाज न चढवलेली बाई. जाता जाता चावून गेली.

दवाखान्यात नळ्या घातल्या, मशीन लावलं. दिवे लागायच्या आत ती गेली. पेजेचं भांडं घरी तसंच राहिलं, वरती साय धरून. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाईला घातली.

दहावा

सुतकाच्या घरात कोण कुणाचं अंग बघतं? मला थंडी वाजायची, मी घोंगडी ओढायचो. बायका म्हणायच्या, नाना खचले. जेवण जात नव्हतं, म्हणायचे, दुःख आहे. मलाही तेच वाटत होतं. दुःख म्हणजे असंच असतं असं वाटलं, हाडं फोडणारं. पहिल्यांदाच बायको मेली होती, मला काय माहीत.

सुनेनं मात्र हात लावून पाहिला आणि जबरदस्तीनं कोपऱ्यावर नेलं. कार्ड झालं. एकच रेघ. घरी आलो.

दहाव्याला नदीवर गेलो. सलूनवाल्या बाळूने डोकं, मिशा, सगळं उतरवलं. ओल्या धोतरावर उघडा बसलो. पिंड मांडला. बाभळीवर कावळे बसलेले होते पण एक खाली येईना. असं झालं की आमच्याकडे नातेवाईक एकेक करून शब्द देतात, मेलेल्या माणसाची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू म्हणून. हिराचा भाऊ दगडू पुढं झाला.

"आक्का, दाजींना आमी बघू! शिव की गं!"

कावळा हलला नाही.

"आक्का, तुज्या गळ्यातलं सुनेलाच देऊ!"

नाही.

"डबे बंद पडू देत न्हाई आक्का!"

कावळ्यानं मान वाकडी केली आणि चोच फांदीला घासली, बस. तेवढ्यात माझे दात वाजायला लागले. मग गुडघे. मग सगळं अंग. मोठा हॅमर पडला की शॉपची जमीन हादरायची आणि टेबलावरचा चहाचा ग्लास चालत जायचा. मी त्या ग्लाससारखा चालत गेलो आणि वाळूत तोंडावर पडलो.

इथून पुढचं मला आठवत नाही. बाळूने सांगितलं ते लिहितो. बाळू खोटं बोलत नाही, फार बोलतो एवढंच.

"नाना, तुमी पालथं पडला आन घुमाया लागला. दगडूमामा वरडलं, आली! आक्का अंगात आली! मग काय, चौघांनी धरलं तुमाला. केस धराया गेले तर केस कुठंत? मीच काढल्यालं! म्हणून कान धरलं. लिंबाच्या डहाळ्यानं हाणलं, थोबाडात दिल्या, नदीचं पाणी मारलं तोंडावर. दगडूमामा इचारतंय, बोल आक्का, कशात जीव अडकलाय? तुमी दात खाताय नुसतं. मग संतोष म्होरं आला. आई, बोल, कुणी केलं तुला असं? कुणी खाल्लं?"

आणि मी म्हणे ओरडलो, "देवाजी!"

परत विचारलं. परत ओरडलो, "देवाजीला..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. संतोष उठला होता. त्याच्यामागे दगडू, दगडूची पोरं, गल्लीतले दोघंतिघं. धोतरं ओली, डोकी भादरलेली, तशीच पळत गेली सगळी.

घाटावर मी, बाळू आणि पिंड एवढेच राहिलो. बाळूने माझ्या अंगाला हात लावला आणि वस्तरा पेटीत टाकला. "ही कसली आक्का, ह्यो ताप हाय," म्हणाला आणि मला टेम्पोत घालून पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

शेवटची खोली

देवाजी आमच्या शेवटच्या खोलीतला भाडेकरू. गडचिरोलीकडचा, कंत्राटदाराच्या हाताखाली कंपनीत माल चढवायचा. बायको सुनंदा, पॅकिंगला जायची. पोळ्याला दोघं गावी गेली होती आणि देवाजी येताना ताप घेऊन आला. कंत्राटदाराचा नियम होता, तापातून उठलेल्यानं कार्डाची तपासणी दाखवायची, मगच गेटच्या आत. देवाजीच्या कार्डावर एकच रेघ. म्हणून तो ताप अंगात घेऊन ड्युटीवर जात राहिला. उतरायचा, चढायचा. त्याच्या अंगाला लहानपणापासून ह्या तापाची ओळख असल्यामुळे तो तग धरून होता असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला ओळख नव्हती.

आता लोक म्हणतात त्यानं आणला. डास काय गाव विचारून चावतो का? आमच्या गच्चीवरच्या टाकीत नंतर अळ्या सापडल्या. डास आमच्याच घरचे होते.

त्या दिवशी देवाजी गोधडीत पडलेला होता. पुढं काय झालं ते मला सुनंदानं सांगितलं, दवाखान्यात, माझ्या तोंडावर. मी शुद्धीत आल्यावर पहिली तीच माझ्या खाटेशी आली.

"नाना जी, तुमच्या पोरानं लात मारून दार तोडलन. मी म्हनलं, त्याले ताप आहे, मारू नोका. कोनी आयकलं नाई. गोधडीसकट ओढत नेलन त्याले मोरीवर. तो उभा नाई राहू शके, तुमी मारता कोनाले? धुन्याच्या दगडावर तोंड आपटलन त्याचं. एकदा नाई. जबडा तुटला तवाचा आवाज मी आयकला. मी मधात पडलो तं माहे केस धरून फेकलं मले."

तिच्या बोलीत बाई पण 'पडलो' म्हणते.

कुणी म्हणत होतं ह्यानं ताप आणला, कुणी म्हणत होतं करणी केली. हाणायला दोन्ही चालतं. ज्या मोरीवर हिरा पडली त्याच मोरीवर. दगडावर त्याचे दात सापडले, सुनेनं उचलले. ती एकटी ओरडत होती, सोडा त्याला म्हणून. तिला दगडूनं ढकलून दिलं.

"मी पोलिसाले सांगितली सारी गोष्ट," सुनंदा म्हणाली. "तुमाले वाईट वाटन तं वाटो."

म्हटलं, "बरं केलंस."

बांधलेला म्हातारा

मला दवाखान्यातले पहिले दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मी शॉपमध्ये होतो. हॅमर माझ्या डोक्यात सुटलेला, ऑपरेटर गायब, आणि खाली डायवर जॉबच्या जागी हिराचं तोंड. मी हॅमर अडवायला दोन्ही हात वर करायचो. तो हात लागला वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयला, त्यांचा चष्मा फुटला. सिस्टरला लाथ मारली. एकीच्या हाताला चावायला गेलो. शेवटी बँडेजच्या पट्ट्यांनी हातपाय खाटेला बांधले. पट्टी हिसडून हिसडून मनगटं सोलली. लघवी कोऱ्या चहासारखी काळी. शिव्या अशा की शॉपमध्ये सुद्धा कधी दिल्या नव्हत्या.

पोलीस घेऊन जायच्या आधी संतोष माझ्यापाशी होता, हे मला नंतर सिस्टरनं सांगितलं. मारून झाल्यावर बाळूचा फोन गेला होता त्याला. तो आला तेव्हा हाताला देवाजीचं रक्त तसंच. माझं कार्ड केलं ते त्याच्यासमोर. एकच रेघ. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "झालं. आईसारखंच." त्याला पुढचं सगळं दिसत होतं. झटका, नळ्या, मशीन. पुन्हा नदी, पुन्हा डोकं भादरणं.

तेवढ्यात सुनंदा देवाजीला रिक्षात घालून त्याच दवाखान्यात आली. दुसरं जाणार कुठं? त्याला शेजारचीच खाट मिळाली. त्याचं पण कार्ड झालं, एकच रेघ. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे केसपेपर शेजारी शेजारी ठेवले.

"दोघांचा पत्ता एकच कसा?"

"तो आमचा भाडेकरू," संतोष म्हणाला.

"घरात अजून कुणाला ताप?"

"आई होती," संतोष म्हणाला. "गेली. तिचं पण कार्ड निगेटिव्ह होतं."

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं, देवाजीच्या तोंडाकडे पाहिलं. सिस्टरला म्हणाल्या, "एका घरात तिघांना असा ताप आणि तिघांचं कार्ड कोरं? दोघांची काच घ्या. आत्ता."

काच म्हणजे रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दुर्बिणीखाली माणसानं डोळ्यांनी बघायचं. जुनी पद्धत. सिस्टरनं माझा डावा हात सोडवला आणि चिंधी बांधलेलं बोट पाहिलं.

"ह्याला काय झालं, बाबा?"

मी म्हणे भ्रमात म्हणालो, "बायको चावली."

सिस्टर हसायला लागली. "भारीच की हो बायको तुमची!" मग संतोषनं सांगितलं, कधी चावली ते. तिनं चिंधी परत नीट गुंडाळली आणि दुसऱ्या हाताच्या बोटात सुई टोचली.

काचेवर सापडलं. माझ्यात पण, देवाजीत पण. मेंदूवर जाणारा मलेरिया, ढिगानं. लगेच सलाईनमधून औषध सुरू झालं. त्याला वेळ लागतो, एकदम उतरत नाही. पण एका सकाळी मला घाम फुटला आणि गादी भिजली आणि मी म्हटलं, "पाणी." मामा आले, बिनचष्म्याचे. म्हणाले, "मारणार नसाल तर देतो."

मार्का

पुढं मला बसता यायला लागल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "काचंला दिसतंय आन कार्डाला दिसत न्हाई, ही कसली भानगड?"

त्या खाटेवर टेकल्या. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. जंतूच्या अंगातून एक पदार्थ रक्तात सुटतो. आमच्यावर वापरलेलं कार्ड फक्त तेवढाच पदार्थ ओळखतं. तो कसा बनवायचा हे जंतूच्या जीनमध्ये लिहिलेलं असतं. काही जंतूंमध्ये तो जीनच गळून गेलेला असतो. जंतू तोच, वाढतो तसाच, मारतो तसाच. फक्त कार्डाला दिसत नाही.

म्हटलं, "थांबा. हे मला येतंय."

आमच्या डायमध्ये कंपनीचा मार्का कोरलेला असायचा. लोखंडावर हॅमर पडला की जॉबवर मार्का उठायचा. एकदा एका डायमधला मार्का उडाला. जॉब तसाच्या तसा, वजन तेच, ताकद तीच, पण मार्का नाही. आणि तपासणीला बसलेला माणूस मार्का बघूनच आपला माल मोजत होता. ढिगारे बाहेर गेले, ह्याच्या हिशोबी गेलेच नाहीत. एकदा डाय तशी झाली की त्यातून निघणारा प्रत्येक जॉब तसाच, बिनमार्क्याचा.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "आणि पुढचं ऐका. मार्क्याचा जंतू कार्डावर सापडतो, औषध मिळतं, मरतो. बिनमार्क्याचा सापडत नाही. तो अंगात राहतो, डासात जातो, दुसऱ्याच्या अंगात जातो. जिथं फक्त ह्या कार्डावर विसंबून राहतात तिथं तोच उरत जायची भीती असते."

"म्हंजी आपणच त्याला निवडून ठिवला."

"तसं म्हणा. पण नाना, लोकांना कार्ड फेकून द्यायला सांगू नका. बहुतेक वेळा ते बरोबर सांगतं. कार्ड कोरं आलं आणि ताप तसाच राहिला, तर काच बघा. एवढंच सांगा."

आमचं दोघांचं रक्त त्यांनी मोठ्या लॅबला पाठवलं होतं. तिथून कळलं की तो जीन आमच्या दोघांच्याही जंतूत नव्हता.

मी विचारलं, "हिराला हेच हुतं का?"

"असणार. पण नक्की सांगता येणार नाही. त्यांची काच घेतलेली नाही ना."

तिचं रक्त कुणी काचेवर घेतलं नाही. माझ्या बोटाला लागलं होतं तेवढं मी मोरीवर धुऊन टाकलं.

दोन खाटा

देवाजीचा जबडा तारांनी आवळलेला. तोंड सुजून कलिंगडासारखं. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघायचा, माझ्याकडे नाही. मी पण बघायचो नाही. मेलो असतो तर बरं, असं फार वाटायचं. दोन खाटांच्या मध्ये हातभर जागा, आणि त्या जागेत सुनंदाचं स्टूल.

संतोष जामिनावर सुटून आला तो दारातच उभा राहिला. सुनंदाला ओलांडून आत यायची छाती नव्हती त्याला. ती उठून बाहेर गेली तेव्हा आला.

"कसं हाय, नाना?"

"जित्ता हाय."

"नाना, आईनं नाव घेतलं होतं. सगळ्यांनी ऐकलं."

"तुजी आई न्हाई बोलली. मी बोललो, तापात."

"मग तुमी त्याचंच नाव का घेतलं?" पोरगा रडकुंडीला आला होता. "एवढी माणसं हायेत गावात. त्याचंच का?"

मी खरंच त्याच्यावर डूख धरला होता का? हिरा गेल्यावर तो जगला म्हणून? शोधून शोधून पाहिलं, डोकं बधिर झालं. काही सापडलं नाही. संतोष बसून होता, मुठीची सोललेली कातडी दुसऱ्या हातानं झाकून.

मग जेवणाची गाडी आली. सगळ्यांना पोळी-भाजी. मामांनी देवाजीच्या कपाटावर स्टीलची वाटी ठेवली. जबडा आवळलेल्या माणसाला दुसरं काय चालणार? तांदळाची पेज. वाफ माझ्याकडे आली.

आणि मला हिराचा आवाज आला. भूतबित काही नाही, आठवण. देवाजीलाबी ताप हाय. त्याला ही पेज द्या नेऊन. विसराल.

ती माझ्याशी बोललेली ती शेवटची गोष्ट. ती माझ्या डोक्यात कुठंतरी रुतून बसली होती, आणि घाटावर मारून मारून विचारलं तेव्हा तीच वर आली. देवाजीला. पुढं पेज होती. तेवढं बोलेपर्यंत कुणी थांबलं नाही.

मी संतोषला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग उठला आणि वॉर्डच्या भिंतीवर कपाळ आपटलं, परत आपटलं. सिस्टर धावल्या. रक्त आलं. मी त्याला थांब म्हटलं नाही.

आता तुम्हाला सांगायचं ते

ताप दोन दिवसांच्या वर राहिला आणि कार्ड कोरं आलं, तर काच मागा. लाजू नका. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. शेजारीपाजारी कुणाला ताप आहे, कोण कुठून आलंय, कोण तापानं गेलंय, हे डॉक्टरांना विचारायच्या आधी सांगा. आमच्या बाबतीत त्यावरनंच निघालं. टाकीला झाकण ठेवा. झटका आला तर तोंडात बोट घालू नका. सुतकातल्या माणसाच्या अंगाला हात लावून बघत जा. थरथरणारा प्रत्येकजण रडत नसतो, आणि घुमणाऱ्याच्या अंगात कुणी आलेलं नसतं. आलं आहे असं वाटलं तरी आधी ताप मोजा.

आणि आजाऱ्याला मारू नका. हे लिहावं लागतंय ह्याची मला शरम वाटते. पण लागतंय.

केस चालू आहे. संतोषला जी शिक्षा होईल ती होईल. मला साक्षीला बोलावलं तर जे झालं ते सांगणार, हे मी त्याला आधीच सांगितलंय. दगडू बोलत नाही माझ्याशी. नको बोलू दे. देवाजी आणि सुनंदानं खोली सोडली, तळेगावकडं राहतात. सामान न्यायला सुनंदा एकटी आली होती. मोरीवरच्या दगडाकडे तिनं पाहिलं नाही. तिच्या पाठीमागं मी तो घणानं फोडून टाकला.

पेज

त्या दिवसाचं एक राहिलं.

संतोषला कपाळावर टाके घालायला खाली घेऊन गेले तेव्हा मी खाटेवरनं उतरलो. आजारानंतर पहिल्यांदा. हातभर जागा ओलांडायला मला खाटेची कड धरावी लागली. मी कपाटावरची वाटी उचलली.

देवाजीनं डोळे माझ्याकडं वळवले. मारायला आला की काय असे डोळे. सुनंदा दारातून आत आली आणि थबकली.

"काय करता, जी?"

"हिरानं सांगितलं हुतं," म्हटलं. "त्याला पेज द्या म्हणून. मी विसरलो."

तिनं वाटी हिसकावून घेतली नाही, एवढंच. मी चमचा भरला आणि तारांच्या फटीशी लावला. देवाजीनं आधी सुनंदाकडं पाहिलं. मग त्यानं ओठ हलवले. थोडी आत गेली, थोडी हनुवटीवरनं गळ्यात गेली. बोटाची चिंधी पेजेत भिजली.

"सांडवता तुमी," सुनंदा म्हणाली. तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बसून द्या."

नदीवर कावळा शिवला की नाही, ते बघायला दहाव्याला घाटावर कुणी उरलं नव्हतं. मी बसलो, आणि वाटी रिकामी होईपर्यंत भरवत राहिलो.